मॉरिस मायनर १०००: इंजिन गिअरबॉक्सला बसवताना शेवटचे १२ मिमी अडकतंय

कार्बोरेटरवाला

गाडी मॉरिस मायनर १०००, इंजिन १०९८ सीसी ए-सीरीज, रिबकेस (बाहेरून उभ्या पट्ट्यांचा) गिअरबॉक्स. इंजिन पूर्ण उघडून बांधलंय. गिअरबॉक्स गाडीतून काढलेला नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, ग्राफाइटचं रिलीज बेअरिंग आणि क्रँकच्या शेपटातला पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं कडं), चारही नवीन. रेडिएटर आणि ग्रिल काढून समोरून वाट मोकळी केली आहे. इंजिन चेनब्लॉकवर टांगलंय, बेलहाउसिंगखाली (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागाखाली) जॅक आहे.

इंजिन मागे ढकललं की गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये शिरल्याचं हाताला कळतं. पुढे छान सरकतं आणि १२ मिमीच्या आसपास फट उरली की एकदम ठप्प. हलवलं, डोलवलं, काही फरक नाही. चार वेळा बाहेर काढून पुन्हा घातलं, दर वेळी तिथेच थांबतं.

लांब बोल्ट घालून चारही बाजूंनी थोडं थोडं आवळत आणलं तर बसेल असा एक सल्ला मिळालाय. करावं का? की क्लच प्लेटच उलटी बसली असेल? आणि स्प्लाइनला (शाफ्टवरच्या उभ्या दातांना) ग्रीस लावतात की नाही, याबद्दल दोन माणसं दोन गोष्टी सांगतात.

तेलकट हात

बोल्टने अजिबात ओढू नका. आत नेमकं काय अडलंय हे माहीत नसताना बोल्ट आवळला, तर जे सगळ्यात नाजूक आहे ते आधी जातं. एक तर शाफ्टचं टोक बुशच्या कडेवर चढून ती चेपतं, नाहीतर क्लच प्लेटचा मधला हब वाकतो. तेही टिकलं तर बेलहाउसिंगचा कान तडकतो. ते ॲल्युमिनियम आहे, इशारा देत नाही. पहिल्या दोन गोष्टी तर बाहेरून दिसतही नाहीत. सगळं बसल्यासारखं वाटतं आणि गाडी सुरू झाल्यावर पहिला गिअर कर्रकन वाजतो.

आता १२ मिमीचा अर्थ. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला पुढून मागे तीन भाग असतात: टोकाला बारीक गुळगुळीत नाक, मग स्प्लाइन, मग जाड अंग. इंजिन मागे येताना नाक आधी क्लच प्लेटच्या हबमधून मोकळंच पार होतं, मग स्प्लाइन हबमध्ये गुंततात, आणि अगदी शेवटी नाक पायलट बुशमध्ये शिरतं. त्यामुळे उरलेली फटच सांगते कुठे अडलंय ते. तीन-चार बोटं फट असेल तर स्प्लाइनचे दात दातावर बसलेत. १०-१५ मिमी असेल तर स्प्लाइन केव्हाच पार झालेत, नाक बुशच्या तोंडाशी उभं आहे. व्हर्निअरने नाकाची लांबी मोजून बघा. फट त्या लांबीच्या जवळपास किंवा थोडी कमी भरली तर शंकाच नको.

म्हणजे शक्यता तीनच उरतात. प्लेट मध्यावर नाही, बुश घट्ट आहे, किंवा इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत नाहीत. कोणती ते असं ओळखा: नाकाच्या पुढच्या कडेला प्रशियन ब्लूचा (खूण उमटवणाऱ्या निळ्या रंगाचा) किंवा मार्करचा पातळ थर लावा, इंजिन अडेपर्यंत आणा, हलका दाब द्या, बाहेर काढा. मग टॉर्च घेऊन हबमधून बुशकडे बघा. निळी खूण पूर्ण गोल उमटली असेल तर रेष बरोबर आहे, बुश घट्ट आहे. चंद्रकोरीसारखी एकाच बाजूला असेल तर तुम्ही त्या बाजूला सरकलेले आहात.

बुशवर माझा संशय जास्त आहे, कारण तो नवीन आहे. क्रँकच्या भोकात दाबून बसवला की त्याचा आतला व्यास एक-दोन थाऊने (इंचाच्या हजाराव्या भागाने) कमी होतो. हातात धरून शाफ्टवर सहज सरकणारा बुश क्रँकमध्ये गेल्यावर नाक घेत नाही. नाकाच्या मापाची गुळगुळीत सळई किंवा जुना इनपुट शाफ्ट घालून बघा. बोटांच्या जोराने आत जायला हवा, आणि गेल्यावर डुगडुगायला नको.

घट्ट निघाला तर रीमर किंवा पॉलिश पेपर फिरवू नका. हा सिंटर्ड ब्रॉन्झ आहे, त्याच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं. पृष्ठभाग घासला की छिद्रं लिंपली जातात आणि बुश कोरडा चालतो. नवा बुश घ्या आणि हव्या त्या मापाची पॉलिश केलेली मँड्रेल (दांडी) आत ठेवूनच दाबा, म्हणजे आवळल्यावरही माप राहतं. बसवण्याआधी बुश २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. तेवढा वेळ नसेल तर खालचं तोंड बोटाने बंद करा, आत काठोकाठ तेल भरा आणि वरून अंगठा दाबा. बाहेरच्या अंगावर तेलाचे घामासारखे थेंब फुटले की मुरलं समजा.

जुना पाना

वरच्या प्रतिसादाला जोडून क्लच प्लेटबद्दल.

उलटी प्लेट हे तुमच्या अडकण्याचं कारण नाही. प्लेट उलटी असली तरी गिअरबॉक्स बहुतेक वेळा पूर्ण बसतो, म्हणूनच ती चूक वाईट. नंतर कळतं, तेही सगळं जोडल्यावर. पण इंजिन बाहेर आहेच तर खात्री करून घ्या. हबचा जास्त पुढे आलेला भाग, स्प्रिंगांसकट, गिअरबॉक्सकडे हवा. चपटी बाजू फ्लायव्हीलकडे. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टच्या डोक्यांना घासतो आणि पेडल तळाला गेलं तरी क्लच सुटत नाही. बऱ्याच प्लेटांवर फ्लायव्हीलची बाजू छापलेली असते, पण छापावर विसंबू नका. हातात धरून फ्लायव्हीलवर टेकवून फिरवून बघा.

मध्यावर आणण्यासाठी बाजारात जी प्लॅस्टिकची युनिव्हर्सल टूल मिळतात, ती मला पटत नाहीत. त्यांच्या टोकात आणि बुशमध्ये ढिलाई असते आणि प्लेट स्वतःच्या वजनाने तेवढी खाली बसते. जुना इनपुट शाफ्ट सगळ्यात उत्तम. तो नसेल तर लेथवर दोन पायऱ्यांची दांडी करून घ्या, एक पायरी बुशच्या मापाची, दुसरी हबच्या आतल्या मापाची.

प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोर, एका वेळी अर्धा फेरा. एका बाजूने आवळत गेलात तर कव्हर वाकतं आणि मग क्लच सोडताना गाडी थरथरते. आवळून झाल्यावर खरी परीक्षा: दांडी दोन बोटांनी ओढून बाहेर यायला हवी आणि तशीच परत जायला हवी. ओढायला जोर लागला तर बोल्ट ढिले करा, दांडी हलवून प्लेट मोकळी होऊ द्या, पुन्हा आवळा. या एका परीक्षेने अर्धे ‘अडकतंय’ वाले प्रश्न मिटतात. तीन लिव्हरवरचे नट मात्र हलवू नका, ते कारखान्यात एका उंचीला लावलेले असतात.

आणखी एक. नवीन प्लेट इंजिनवर चढवण्याआधी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर नुसती घालून बघितली होती का? स्प्लाइनच्या पूर्ण लांबीवर ती बोटाने सरकायला हवी. मध्येच अडली तर स्प्लाइनच्या कडेला बर (धातूची उठलेली धार) आहे, बारीक ऑइलस्टोनने काढा.

ग्रीसबद्दल माझं मत: कोरडं. उडालेलं ग्रीस लायनिंगवर गेलं की प्लेट फुकट.

कार्बोरेटरवाला

दोघांचेही आभार. मोजून बघितलं.

प्लेट बरोबर बाजूला आहे. टूल प्लॅस्टिकचंच होतं. जुना शाफ्ट मिळवून घातला तर सहज गेला नाही, हलकी टपली द्यावी लागली. बोल्ट ढिले करून प्लेट पुन्हा मध्यावर घेतली, आता दोन बोटांनी येतो-जातो. बुशमध्येही शाफ्ट बोटाने जातो, डुगडुग नाही.

तरीही अडलं. निळी खूण चंद्रकोर, वरच्या बाजूला. या वेळी फट चार ठिकाणी मोजली: वर ९ मिमी, खाली १५, दोन्ही बाजूंना १२.

डॉवेलपिन

मग उत्तर तुम्हीच मोजून दिलंय. मधली १२ बघून काही कळत नाही, वर-खालीचा फरक महत्त्वाचा. सुमारे ३०० मिमी उंचीच्या तोंडावर ६ मिमी फरक म्हणजे एक अंशाच्या थोडा वर कोन. डोळ्याला दिसत नाही, पण बुशला चालत नाही.

खाली फट जास्त, म्हणजे गिअरबॉक्सच्या मानाने इंजिनचं पुढचं टोक वर आहे. दोन उपाय: इंजिनचं नाक थोडं खाली घ्या, किंवा बेलहाउसिंगखालचा जॅक थोडा वर घ्या. दुसऱ्याला मर्यादा आहे, गिअरबॉक्सचा मागचा माउंट आणि वरचा बोगदा आड येतो. आधी इंजिनकडूनच प्रयत्न करा. एकाच साखळीवर टांगलं असेल तर कोन हातात राहत नाही. स्क्रूवाला लोड लेव्हलर मिळाला तर दहा मिनिटांचं काम. नाही मिळाला तर पुढच्या आणि मागच्या बाजूला वेगळ्या साखळ्या घ्या आणि एकेक कडी कमी-जास्त करून बघा.

जॅक आणि गिअरबॉक्समध्ये लाकडाचा ठोकळा हवा, आणि तो बेलहाउसिंगच्या तळाशी. रिबकेसच्या पातळ भिंतीला टेकू देऊ नका.

गाइड स्टड करा. बेलहाउसिंगच्याच आट्यांचे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापा, कापलेल्या टोकाला हॅकसॉने स्क्रूड्रायव्हरची खाच पाडा, टोक कानसने निमुळतं करा. १०० मिमी बाहेर राहतील एवढे पुरे. समोरासमोरच्या दोन भोकांत बसवा. आता इंजिन वर-खाली आणि आजूबाजूला पळणार नाही, फक्त मागे जाईल. महत्त्वाचं म्हणजे चुकून साखळी ढिली पडली तरी वजन स्टडवर येतं, क्लच प्लेटच्या हबवर येत नाही. तुम्ही चार वेळा आत-बाहेर केलंय म्हणता, त्यात एकदा तरी वजन शाफ्टवर लटकलं असेल तर प्लेट काढून सपाट काचेवर ठेवून तपासा.

मग क्रम असा ठेवा. गिअर टॉपमध्ये टाका, मागची चाकं जमिनीवर, हँडब्रेक लावलेला, म्हणजे शाफ्ट फिरत नाही. स्पार्क प्लग काढा. एक माणूस पुढे, हँडल लावायच्या नटवर पाना घालून क्रँक अगदी थोडा मागे-पुढे डोलवतो. दुसरा मागे ढकलतो. दर तीन-चार मिलिमीटरला थांबून चार ठिकाणी फट मोजा आणि अर्ध्या मिमीच्या आत सारखी ठेवा. बुशमध्ये नाक शिरताना एक मऊ ‘टुक’ जाणवतं, त्यानंतर इंजिन हाताने डॉवेलपर्यंत (दोन्ही तोंडं जुळवणाऱ्या खुंट्यांपर्यंत) येतं. डॉवेलवर शेवटचे दोन-तीन मिलिमीटर बोल्टने घेतले तर चालतात, तेवढेच. बोल्ट हाताने फिरेनासा झाला की फट बघा.

दोन्ही डॉवेल जागेवर आहेत ना? बोल्टची भोकं मोकळी असतात, गिअरबॉक्स मध्यावर धरायचं काम डॉवेलचं. एक हरवला असेल तर गाडी चालते, पण बुश आणि गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग लवकर खातं.

तेलकट हात

@जुना पाना, स्प्लाइनबद्दल असहमत. अगदी कोरड्या स्प्लाइनवर गंज धरतो, प्लेट मोकळी सरकत नाही, क्लच दाबला तरी ओढत राहतो. मॉलिब्डेनमवालं ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं घ्या, दातांत ब्रशने चोळा, प्लेट एकदा पूर्ण लांबीवर सरकवून काढा आणि हबच्या दोन्ही तोंडांना साठलेलं फडक्याने पुसून टाका. उरतो तो फक्त रंग. उडायला काही शिल्लकच राहत नाही.

ग्राफाइटच्या कड्यावर मात्र काहीच नाही. ते स्वतःच वंगण आहे, वरून तेल-ग्रीस लागलं की त्याची पेस्ट होऊन झिजतं. बेअरिंग फोर्कला धरणाऱ्या दोन्ही स्प्रिंग क्लिपा नीट बसल्यात का, हे इंजिन जोडायच्या आत बघा. एक सुटली तर बेअरिंग तिरकं होतं आणि सगळं परत उतरवावं लागतं. फोर्कच्या पिव्हट बुशमध्ये खेळ असेल तर तोही आत्ताच बदला, पैसे किरकोळ, मेहनत तीच.

जुना पाना

पुसून टाकणार असाल तर माझी हरकत नाही. लोक बोटभर लावतात, त्याची मला धास्ती.

इंजिन बाहेर असेपर्यंत आणखी तपासा: क्रँकचा एंड फ्लोट, म्हणजे पुढे-मागे होणारा खेळ. क्लच दाबला की बेअरिंग क्रँकला पुढे ढकलतं आणि तो जोर अर्धचंद्र थ्रस्ट वॉशरवर येतो. ए-सीरीजला ०.००२ ते ०.००३ इंच. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून क्रँक पुढे-मागे सारला की मिनिटभरात कळतं. मशीनिंगनंतर चुकीच्या मापाचे वॉशर आले असतील तर ते आत्ताच दिसतील.

बोल्ट एएफ (इंची मापाच्या) पान्याचे आहेत हेही लक्षात असू द्या. १/२ एएफवर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि डोकं गोल करतो. हरवलेल्या ५/१६ यूएनएफ (बारीक इंची आट्यांच्या) बोल्टच्या जागी मेट्रिक एम ८ तर कधीच नको. दोन-तीन आटे हाताने जातात, नंतर आटे कापत जातो.

युद्धपूर्व

विषयाला थोडा फाटा, पण हा धागा वाचून कुणी फोर्ड मॉडेल ए वर हात घालणार असेल तर: तिथे प्रॉपेलर शाफ्ट टॉर्क ट्यूबमध्ये बंद असतो, त्यामुळे गिअरबॉक्स मागे सरकवायचा तर मागचा ॲक्सल मोकळा करून मागे न्यावा लागतो. इंजिन पुढून काढणंच सोपं. आणि फ्लायव्हील हाउसिंग ब्लॉकला बोल्टने जोडलेलं वेगळं कास्टिंग आहे. ते दुसऱ्या गाडीचं असेल तर फ्लायव्हीलवर डायल गेज लावून, क्रँक फिरवून तोंड सरळ आहे का बघा आणि शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून सरळ करा.

मायनरलाही हे थोडं लागू आहे. इंजिनची मागची प्लेट दुसऱ्या इंजिनवरून आली असेल किंवा तिच्या तोंडावर जुनी गास्केट, रंग, बर काही राहिलं असेल, तर बाकी सगळं बरोबर असूनही रेष चुकते.

कार्बोरेटरवाला

बसलं. मागची साखळी दोन कड्यांनी आखूड केली, मागचं टोक उचललं गेलं आणि नाक खाली आलं. फट वर १२, खाली १२ झाली. स्टडवर सरकवलं, क्रँक डोलवला, ‘टुक’ आलं आणि इंजिन हाताने डॉवेलपर्यंत गेलं. बोल्ट नुसते फिरवून लावले. क्लच प्लेट त्याआधी काढून काचेवर तपासली होती, सरळ आहे.

सुरू करण्याआधी काय राहतं?

डॉवेलपिन

साखळी लगेच सोडू नका. आधी सगळे बोल्ट हाताने, मग समोरासमोर आवळा, मग इंजिन माउंट, मग साखळी. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, ज्या भोकातून निघाला तिथेच जाऊ द्या. आवळून झाल्यावर गिअर न्यूट्रलमध्ये टाकून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे जड लागला तर स्टार्टरला हात लावू नका.

क्लच पेडलचा मोकळा खेळ जुळवायचा रॉडच्या नटवर, मॅन्युअलप्रमाणे. मायनरचा क्लच हायड्रॉलिक नाही, खेळ आपोआप जुळत नाही. खेळ शून्य ठेवला तर ग्राफाइट सतत घासत राहील.

गिअरबॉक्सचं तेल बघा. यात इंजिनचंच एसएई ३० जातं, सुमारे १.३ लिटर. ईपी गिअर ऑइल नको.

आणि अर्थ पट्टी, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स आणि बॉडी यांना विजेसाठी जोडणारी पट्टी. ही सगळ्यात जास्त विसरली जाते. इंजिन-गिअरबॉक्स रबरी माउंटवर बसलेले असतात, पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट बॉडीकडे परतायला चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल धरतो. दोन-तीन सेकंदांत केबल लाल होऊन कव्हर वितळतं. स्टार्टर मंद फिरला आणि डॅशबोर्डमागून धूर आला तर बॅटरी काढा, पट्टी शोधा.

तेलकट हात

बेलहाउसिंगच्या तळाला एक भोक आहे आणि त्यात स्प्लिट पिन सैल लटकते. ती पडली असेल तर नवी लावा, भोक बंद करू नका. पिन हलत राहते म्हणून चिखलाने भोक बुजत नाही. या इंजिनला मागे लिप सील नाही, तेल परत आत ढकलणारा उलट्या आट्यांचा स्क्रोल आहे, एखादा थेंब येणारच. धार लागली तर कुठलं तेल ते रंग-वासाने ओळखता येणार नाही, कारण दोन्हीकडे एकच तेल आणि दोन्ही नवीन. इंजिनच्या डिपस्टिकवर आज खूण करून ठेवा, गिअरबॉक्सची पातळी फिलर प्लगच्या भोकाशी बघून ठेवा आणि शंभरेक किलोमीटरनंतर बघा कुठली उतरली.